अनुभव धागा : पाच हजारांच्या आत चांगले संगीत कसे ऐकता?

चांगले संगीत चांगल्या आवाजात ऐकावे अशी इच्छा असते, पण घरात मोठे स्पीकर मांडायला जागा नसते आणि महिन्याच्या खर्चातून त्यासाठी मोठी रक्कम काढणेही शक्य नसते, अशा आपल्यातल्या अनेकांसाठी हा धागा आहे. मर्यादा साधारण पाच हजार रुपयांची धरली आहे. फोन हाताशी आहे असे गृहीत धरून इअरफोन, हेडफोन, डोंगल (फोनच्या चार्जिंगच्या खाचेत लावून तारेचा इअरफोन जोडण्याचा छोटा जोड) किंवा छोटा प्लेअर यांपैकी तुम्ही काय निवडले, का निवडले आणि ते वापरताना संगीतात नेमके काय वेगळे ऐकू आले, हे लिहावे ही विनंती. नुसती मॉडेलची नावे आणि ‘बेस जबरदस्त’ असे शेरे नव्याने खरेदी करणाऱ्याला उपयोगी पडत नाहीत. तुम्ही कोणते संगीत कुठे बसून ऐकता, हे कळले तर पडतात. माझे मत असे, की या रकमेतला बहुतेक पैसा कानाला लागणाऱ्या वस्तूवर खर्च व्हावा, कारण दोन इअरफोनमधला फरक दोन डोंगलमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. हे ज्यांना पटत नाही त्यांनी अवश्य लिहावे.

पुणे, ख्यालगायन शिकणारी विद्यार्थिनी

माझे बहुतेक ऐकणे अभ्यासासाठी असते. मी दोन हजारांच्या आसपास मिळणारा मूनड्रॉप चू 2 हा तारेचा इअरफोन घेतला. त्यात 10 मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज काढणारा छोटा स्पीकर) आहे आणि तार काढून बदलता येते. घेण्याआधी दुकानातले आणि मैत्रिणींकडचे काही इअरफोन लावून पाहिले आणि प्रत्येकावर एकच ध्वनिमुद्रण ऐकले, ज्यात आरंभी केवळ तानपुरा आहे, मग आवाज लागतो आणि मग विलंबित एकताल सुरू होतो. ही परीक्षा मला फार मोलाची वाटते. गायकाचा षड्ज (सा) हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीचा असेल, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे 69 हर्ट्‌झचा असतो आणि जवारीमुळे (तार घोडीला घासून येणाऱ्या झंकारामुळे) उठणारे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबतचे उपस्वर, कित्येक हजार हर्ट्‌झपर्यंत जातात. म्हणजे एकाच वाद्यात इअरफोनची खालची आणि वरची अशी दोन्ही अंगे तपासली जातात. बेस फुगवलेला असला, की बायाचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या, डाव्या वाद्याचा) घुमारा गायकाच्या आवाजावर पसरतो आणि श्वास कुठे घेतला, कण कोणत्या स्वराचा लागला, हे झाकले जाते. वरचे अंग टोकदार असले, की जवारी कर्कश होते आणि बडा ख्याल संपेपर्यंत कान थकून जातात.

मात्र मॉडेलपेक्षाही इअरटिप्सकडे (कानात जाणाऱ्या मऊ टोप्यांकडे) लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. टिप कानात घट्ट बसली नाही आणि फट राहिली, तर सर्वांत आधी खालचे स्वर जातात. खर्जाचा मूळ स्वर क्षीण झाला, तरी त्याच्या स्वरांशांवरून मेंदू तो स्वर ओळखतोच, त्यामुळे काही हरवले आहे हे तानपुऱ्यावर चटकन लक्षात येत नाही; बायाची मींड (हाताने दाबून ओढलेला स्वर) पोकळ वाटू लागली, की ते कळते. इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा आणि आवाज एकदम भरून आला, तर टिपचे माप बदलावे. माझ्या दोन कानांना दोन वेगळी मापे लागतात, आणि असे अनेकांचे असते. ‘या इअरफोनला बेसच नाही’ अशी तक्रार करण्यापूर्वी एवढे करून पाहिले, तर पुष्कळांचा नवीन खरेदीचा खर्च वाचेल.

डोंबिवली, रोज लोकलने मुंबईला जाणारी

पुण्याच्या ताईंचे टिप्सविषयीचे म्हणणे लोकलमध्ये तर दुपटीने खरे आहे. गाडीचा खडखडाट आणि पंख्यांचा आवाज आत आला, की आपण नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल अशी आहे आणि आवाज त्याच्या वर गेला, की ही सुरक्षित वेळ झपाट्याने घटते. म्हणून मी फोमच्या टिप्स वापरते. त्या चिमटीत दाबून कानात घातल्या, की फुगून बसतात आणि बाहेरचा आवाज पुष्कळ अडवतात. त्या काही महिन्यांत झिजतात, तो खर्च मात्र हिशेबात धरावा. तार कानावरून मागे घेतली, म्हणजे कपड्यांना घासून होणारी खरखर जवळजवळ थांबते. आवाज रोखणारे बिनतारी इअरबडही मी वापरले आहेत. गाडीची अखंड घरघर ते चांगली शोषतात, शेजारच्या बोलण्यावर त्यांचा परिणाम कमी होतो. पण त्याच किमतीत तारेच्या इअरफोनचा आवाज मला अधिक मोकळा आणि खरा वाटतो. फलाटावर आणि पुलावर मी दोन्ही कान रिकामे ठेवते.

नाशिक, संगणक अभियंता

धागाकर्त्यांच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी स्रोताची बाजू थोडी मांडतो. फोनला 3.5 मिलिमीटरचा जॅक नसेल, तर साधे, विश्वासू डोंगल पुरते. सोळा ते बत्तीस ओम इम्पिडन्सच्या (विद्युत् प्रवाहाला होणाऱ्या विरोधाच्या) इअरफोनला फार ताकद लागत नाही. दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. काही डोंगलचा आवाज ठरावीक अँड्रॉइड फोनवर फारच कमी निघतो, त्यामुळे आपल्याच फोनला जोडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुसरे असे, की अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (दुसऱ्या जातीचे, अगदी छोटे ड्रायव्हर) असलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार बदलतो, म्हणून डोंगलचा स्वतःचा इम्पिडन्स जास्त असेल, तर आवाजाचा तोलच बदलतो. एका डायनॅमिक ड्रायव्हरच्या इअरफोनला ही अडचण सहसा येत नाही.

फाइलींबद्दलची चर्चा मला गरजेपेक्षा जास्त वाटते. सीडीचा दर सेकंदाला 1411 किलोबिट आहे. ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतींपैकी सर्वसामान्य एसबीसी साधारण 328 पर्यंत जाते आणि एलडॅक जास्तीत जास्त 990 पर्यंत. म्हणजे बिनतारी साधनांवर ‘लॉसलेस’ची (माहिती न गाळलेल्या संगीताची) वर्गणी भरली, तरी वाटेत आवाजाची माहिती आक्रसली जातेच. आयफोनवर एलडॅक नाही, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. पण चांगली 320 किलोबिटची एमपी3 आणि फ्लॅक (लॉसलेस फाइल) यांतला फरक नाव न बघता ओळखणे बहुतेकांना अवघड जाते. मूळ ध्वनिमुद्रण कसे झाले आहे, यावर याहून कितीतरी जास्त अवलंबून असते.

माझा स्वतःचा प्लेअर म्हणजे एलजीचा व्ही30 हा 2017 सालचा वापरलेला फोन आहे. त्यात उत्तम डॅक (डिजिटल संगीताचे ऐकू येणाऱ्या आवाजाच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) आहे, जॅक आहे आणि मेमरी कार्डाची सोय आहे. बॅटरी बदलून घेतली, सिम काढले, विमान मोड लावला. आता संगीताच्या मध्ये कोणाचाही फोन येत नाही. वापरलेला फोन घेताना पडद्यावरचे डाग एक वेळ चालतील, जॅक सैल असलेला चालत नाही.

मिरज, निवृत्त शिक्षक

माझा ओढा जुन्या ध्वनिमुद्रणांकडे आहे. आमच्या गावात राहून गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे निधन 1937 साली झाले. त्यांचे गाणे आपल्यापर्यंत आले ते 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून, ज्यांच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. या तबकड्यांत फार खालचे आणि फार वरचे स्वर मुळातच उतरलेले नाहीत, खरखर मात्र भरपूर आहे. त्यामुळे वरचे अंग उजळ करणारा महागडा इअरफोन लावला, की खाँसाहेबांआधी खरखरच पुढे येते. मला कानात काही घातलेले सोसत नाही, म्हणून मी कॉस पोर्टा प्रो वापरतो. 1984 पासून बाजारात असलेला, कानावर हलकेच टेकणारा हा हेडफोन 60 ओमचा असला, तरी माझ्या फोनवर पुरेसा वाजतो. त्याचा वरचा भाग सौम्य आहे, तेच माझ्या कामाचे. शिवाय इक्वलायझरमध्ये वरची पट्टी मी थोडी खाली घेतो. काही जण इक्वलायझर वापरणे म्हणजे ध्वनीशी प्रतारणा मानतात. मला ते मान्य नाही. फुकट मिळणारे एवढे प्रभावी साधन दुसरे नाही. हा हेडफोन उघड्या रचनेचा असल्याने शेजारच्यालाही ऐकू जातो, म्हणून डोंबिवलीच्या ताईंना त्याचा उपयोग नाही. शांत खोलीत मात्र गाणे डोक्यात न कोंडता समोर मांडल्यासारखे वाटते.

रत्नागिरी

कोकणातल्यांसाठी थोडक्यात लिहितो. पावसाळ्यात इअरफोनच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीवर ओल धरते आणि एका बाजूचा आवाज दबतो. इअरफोन बिघडला असे समजून टाकून देऊ नये. टिप काढून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवला, की आवाज बहुधा पूर्ववत होतो. पारदर्शक आवरणाची तांब्याची तार इथे लवकर हिरवी पडते. म्हणून तार बदलता येणारा, 0.78 मिलिमीटरच्या दोन पिनांचा इअरफोनच घ्यावा. नवीन तार काही शेकड्यांत मिळते. ती लावताना पिनांची दिशा तेवढी पाहून घ्यावी, एकाच बाजूची उलटी लागली तर दोन्ही बाजूंच्या ध्वनिलहरी एकमेकींविरुद्ध जातात आणि गायक मधोमध उभा राहत नाही.