प्लश लोकरीचा खिलार बैल करायचाय, पण टाकेच दिसत नाहीत! सल्ला हवा

वारणेची_सुई (सांगली)

नमस्कार मंडळी.

सोळा वर्षं क्रोशा करतेय. रुमाल, तोरणं, देव्हाऱ्यातली आसनं, एकदा तर पलंगपोसही पुरा केला. त्यामुळे 'खेळणं काय, बसल्या बैठकीला होईल' असा तोरा होता. तो गेल्या रविवारी उतरला.

धाकट्या बहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा, पुण्यात असतो. आमचे अण्णा त्याला रोज रात्री फोनवर सर्ज्याची गोष्ट सांगतात. सर्ज्या म्हणजे पूर्वी आमच्या दावणीला असलेला खिलार. खरा सर्ज्या गरीब होता बिचारा, पण अण्णांच्या गोष्टीत तो एसटीत चढतो, विहिरीत डोकावून स्वतःशीच बोलतो आणि तलाठ्याची टोपी खातो. आता पोराला सर्ज्या पाहिजे. आषाढात बेंदराला (आमच्याकडचा बैलांचा सण) ते गावी येतील, म्हणजे माझ्याकडे जेमतेम तीन आठवडे.

बहिणीने ऑनलाइन प्लश लोकर मागवून दिली. पांढरी, मांजरीच्या पिल्लासारखी मऊ. मी सवयीने मॅजिक रिंग (धागा ओढून आवळायचं सुरुवातीचं कडं) केली, ओढली, आणि धागा तुटून हातात आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा जमलं, पण चौथ्या ओळीनंतर टाका कुठला नि भोक कुठलं काही कळेना. डोकं करायला घेतलं होतं, झालं भरताचं वांगं. उसवायला गेले तर लव गळून नुसता दोरा उरला.

तर क्रोशाची सुई किती नंबरची घेऊ? टाके मोजायचे कसे? शिंगं याच लोकरीची करायची का? डोळे कुठले लावू? आत जुन्या उशीतला कापूस चालेल का? आणि ही लोकर सांगलीत कुठे मिळते का? मारुती रोडला नि गणपती पेठेत फिरले, मला सगळ्यांनी ॲक्रिलिकच दाखवली.

उकलून_पुन्हा (सातारा)

ताई, वांग्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझा पहिला ससा बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, 'बटाटा छान झालाय.'

ही लोकर डोळ्यांनी विणायचीच नाही, बोटांनी विणायची. सुती दोऱ्यात टाक्याच्या डोक्यावरची वेणी दिसते, इथे ती लवेखाली बुडते. म्हणून डाव्या हाताचं मधलं बोट विणीच्या मागे ठेवा आणि अंगठ्याने वरून चाचपा. दोन टाक्यांच्या मध्ये खळगा लागतो आणि टाक्यावर उंचवटा. पहिला दिवस चिडचिड होते. दुसऱ्या दिवसापासून मी टीव्ही बघत विणायला लागले.

मॅजिक रिंगचा नाद सोडा. प्लशच्या मध्ये एक बारीक दोरा असतो आणि त्याला लव चिकटवलेली असते. रिंग ओढताना सगळा ताण त्या बारीक दोऱ्यावर येतो. त्याऐवजी दोन साखळ्या घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब (आखूड, घट्ट टाके) घ्या. मध्ये बारीकसं भोक राहतं, ते शेवटी आतून शिवून टाकायचं.

सुई: गुंड्याच्या पट्टीवर बघा. बऱ्याच प्लश लोकरींना ५ ते ६.५ मिलिमीटर सांगतात. पांघरुणाला तो आकडा ठीक. खेळण्याला मात्र मी सांगितलेल्यापेक्षा अर्ध्या ते एक मिलिमीटरने लहान घेते, नाहीतर भरलेला फायबर टाक्यांतून डोकावतो. पांढऱ्यात पांढरा दिसत नाही म्हणा, पण पोरं बोटं घालून उकरतात.

मोजणी: प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात गडद रंगाच्या सुती दोऱ्याचा तुकडा अडकवा. छोटे प्लास्टिकचे मार्कर या लवेत हरवतात, मी दोन गमावलेत, बहुतेक एका हत्तिणीच्या पोटात आहेत. ओळ संपली की कागदावर रेघ. 'लक्षात राहील' म्हणायचं नाही.

उसवणं: एकदा चालतं, दुसऱ्यांदा लोकर टकली होते. म्हणून ओळ संपल्या संपल्या मोजायचं, चार ओळींनी नाही. एखादा टाका कमी-जास्त झाला असेल तर पुढच्या ओळीत गुपचूप वाढवा नाहीतर घटवा. सुती रुमालात असली चोरी पकडली जाते, प्लशमध्ये कुणाच्या बापाला कळत नाही. या लोकरीचा तेवढा एक गुण मान्य करा.

कापलेल्या टोकाची लव गळते. टोकाचा इंचभर भाग नखाने खरवडून लव काढा, आतला दोरा मोकळा झाला की त्याची गाठ मारा आणि टोक पोटात ढकला.

कुठे मिळेल हे मात्र मला साताऱ्याचंही सांगता येत नाही. मोती चौकापासून पोवई नाक्यापर्यंत मीही ॲक्रिलिकच पाहिली आणि शेवटी ऑनलाइनच घेतली. मी वापरते ती हिमालया डॉल्फिन बेबी, १०० ग्रॅमच्या गुंड्यात १२० मीटर. नाव हिमालया असलं तरी लोकर तुर्कस्तानची, पूर्ण पॉलिस्टर. माझी बसलेली हत्तीण २२ सेंटिमीटरची, एका गुंड्यात होऊन थोडी उरली. तरी दोन गुंडे एकदमच, एकाच लॉटचे घ्या. पांढऱ्यातही छटा असतात, आणि अर्धा बैल दुधाचा नि अर्धा सायीचा दिसतो.

रानातला_दादा (आटपाडी)

मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही. बायको हा धागा वाचत होती, 'खिलार' शब्द दिसला म्हणून बसलो.

ताई, एक सांगतो, रागावू नका. नेटवरचे बैलाचे नमुने बघितले. ते सगळे जर्सी गाईचे भाऊ हायत. गोल तोंड, आखूड शिंगं, आणि वशिंडाचा पत्ताच नाही! खिलाराचं तोंड लांबट नि निमुळतं. शिंगं कपाळावर जवळजवळ उगवतात, मागे जाऊन वर वळतात, टोकाला सुईसारखी. वशिंड पाहिजेच. गळ्याखाली पोळी म्हणजे लोंबती कातडी असते, पण खिलाराची लय लोंबत नाही. शेपटीचा गोंडा काळा.

आणि उभा करू नका. मऊ लोकरीचे चार पाय बैलाला काय पेलतात, पहिल्याच दिवशी फतकल मारल. रवंथ करत बसलेलाच करा. पुढचे पाय छातीखाली दुमडलेले, मागचे दोन्ही एका अंगाला. बैल बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो आणि उठताना आधी मागून उठतो, ह्ये पोराला सांगा. शहरातल्या पोरांना घोडा नि बैल एकसारखेच उठतात असं वाटतं.

मिरजेची_मावशी (मिरज)

दादांचं बरोबर आहे, बसलेलाच करा. आता डोळ्यांचं ऐक बाई, कारण बाकी सगळं चुकलं तरी चालेल.

मुलगा अडीच वर्षांचा. त्याला प्लास्टिकचे डोळे नकोत, मागे चकती असलेले 'सेफ्टी आय'सुद्धा नकोत. नावात सेफ्टी आहे म्हणून भुलू नकोस. विणलेलं कापड ताणतं. प्लशचे टाके मोठे, पोराने दातात धरून ओढलं तर चकतीसकट डोळा बाहेर येतो, आणि मग तो जातो कुठे हे तुला सांगायला नको. बटणंही नकोत. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला डोळे भरतकामाचेच. काळ्या सुती दोऱ्याने सपाट गोल भर आणि वर पांढऱ्याचा एक टाका दे, तेवढ्याने जीव येतो.

गळ्यात घुंगरं घालायचा मोह होईल. नको. शिंगांत किंवा पायांत तार तर अजिबात नको, कुणी कितीही सांगितलं तरी. तार आज ना उद्या टोचून बाहेर येते.

उशीचा कापूस नको. मी पूर्वी घालत असे. एकदा धुतला की गुठळ्या होतात, आणि आषाढ-श्रावणात आतून चार दिवस वाळत नाही, वास मारतो. गादीवाल्याकडे पॉलिस्टर फायबर सुटा, वजनावर मिळतो, तो आण. मुठीने कोंबू नकोस, पिंजून थोडा थोडा भर. मान मात्र घट्ट भर, नाहीतर सर्ज्या सारखा होकार देत बसेल.

वारणेची_सुई

मावशी, घुंगरं आणून ठेवली होती, ती आता तोरणाला लावते. दादा, तुमच्या 'जर्सी गाईच्या भावां'वर अण्णा दोन दिवस हसतायत.

प्रगती: साडेचारची सुई, दोन साखळ्यांची सुरुवात. धड झालं. ६, १२, १८ असं करत ३६ टाक्यांपर्यंत वाढवलं, १० ओळी सरळ, मग घटवत आणलं. आडवं ठेवलं की अंड्यासारखं दिसतं. बोटांनी मोजायचं खरंच जमायला लागलंय. काल दिवे गेले तरी तीन ओळी झाल्या.

आता दोन अडचणी. तोंडासाठी एक इंग्रजी नमुना घेतला, त्यात सगळीकडे डीसी लिहिलंय. तसे खांब (उंच टाके) घातले तर तोंड लांबच लांब आणि जाळीदार झालं, बैल नव्हे मुंगीखाऊ. आणि वशिंड शिवायला घेतलं तर प्लशचा धागा सुईच्या नेढ्यातून जाता जाताच टकला होतोय.

कोयनाकाठ (कराड)

तुमचा नमुना ब्रिटिश असणार. अमेरिकन पद्धतीत आपल्या मुक्या खांबाला एससी म्हणतात आणि खांबाला डीसी. ब्रिटिश पद्धतीत त्याच मुक्या खांबाला डीसी म्हणतात. अख्ख्या नमुन्यात एससी कुठेच दिसत नसेल तर ब्रिटिश समजा आणि डीसीच्या जागी मुके खांब घाला. भरायच्या खेळण्यात बहुतेक सगळं काम मुक्या खांबाचंच असतं.

उकलून_पुन्हा

शिवायला प्लश वापरूच नका. त्याच रंगाचा मजबूत पॉलिस्टर दोरा दुहेरी घ्या नाहीतर बारीक ॲक्रिलिक, लवेत बुडतो, दिसत नाही. आधी भाग टाचण्यांनी लावून लांबून बघा. टाचण्या रंगीत डोक्याच्या घ्या, मोजून लावा आणि मोजून काढा. या लवेत टाचणी राहिली तर सापडत नाही, आणि हे खेळणं पोरगं उशाला घेऊन झोपणार आहे.

तोंड नाकापासून सुरू करा. १८ टाक्यांपर्यंत वाढवून चार ओळी सरळ, मग २४ करून आणखी चार, मग घटवा. निमुळतं होईल, दादांना पसंत पडेल.

शिंगं प्लशची कराल तर केळी दिसतील. बारीक सुती दोरा आणि अडीचची सुई घ्या. टोकाला चार टाक्यांपासून सुरुवात करून दर दोन-तीन ओळींनी एक टाका वाढवा. बाक देण्यासाठी भरून झाल्यावर आतल्या बाजूने एक धागा टोकापासून बुडापर्यंत धावत्या टाक्याने न्या, हलका ओढा आणि पक्की गाठ मारा. शिंग वळतं, तार लागत नाही. झूल, वेसण, म्होरकीसुद्धा सुतीच करा. अंग प्लशचं आणि दागिने सुती, हा मेळ मला फार आवडतो. नुसत्या प्लशची खेळणी सगळी ढगासारखी दिसतात.

फक्त वेसण नाकाला पूर्ण शिवून टाका. लोंबती दोरी नको, गळ्यातही नको.

रानातला_दादा

शिंगांना हिंगुळाचा लाल रंग पाहिजे बरं का. बेंदराचा बैल हाय.

मिरजेची_मावशी

रंग लावायचा नाही, पोरगं शिंग तोंडातच घालणार. लाल सुती दोऱ्याचंच विण. आणि आधी दोरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ. रंग सुटत असेल तर पांढरा सर्ज्या पहिल्याच आंघोळीत गुलाबी होईल.

सुपारीची_चिकटपट्टी (सांगली)

ताई, इतकं छान चाललंय तर बेंदराच्या आधी पाच-सहा करून विका की! हजार रुपये सहज येतील एकाचे.

कोयनाकाठ

करायला हरकत नाही, पण आधी एक बघून घ्या. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० चा आहे आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना त्यानुसार आयएसआय चिन्ह लागतं. मऊ खेळणीही त्यात येतात. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या वस्तूंना सूट आहे. भाच्याला द्यायला काहीच लागत नाही, विकायचं तर आधी ती नोंदणी करा.

वारणेची_सुई

विकायचं नाव नको. एका सर्ज्यात माझे अठरा दिवस गेले. हजारात तर माझी चिडचिडसुद्धा भरून निघणार नाही.

वारणेची_सुई

फोटो टाकलाय. बसलेला, २४ सेंटिमीटर, वशिंडासकट. डावं शिंग उजव्यापेक्षा थोडं जास्त वळलंय. अण्णा म्हणाले, खऱ्या सर्ज्याचंही तसंच होतं. खरं असेल किंवा मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, मी विचारलं नाही.

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या गोठ्यात खऱ्या बैलांची खांदेमळणी चालली होती. भाचा बघून आला आणि आपल्या सर्ज्याच्या खांद्यालाही हळद-तेल चोळून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी बैलांना पुरणपोळी भरवली, म्हणून यालाही भरवली. तोंड शिवलेलं असल्यामुळे पुरण नाकावर, झुलीवर आणि दोन्ही शिंगांच्या मधे बसलंय.

आता सांगा, हळदीचं काय करू? आणि मशीनमध्ये घालू का?

उकलून_पुन्हा

मशीनमध्ये नुसता टाकू नका. पुरण आधी वाळू द्या आणि मऊ ब्रशने झाडा. तेलाच्या जागी भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने चोळा. मग गार पाण्यात हाताने धुवा. मशीनच हवं असेल तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि सगळ्यात हलक्या फेऱ्यावर लावा. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि पंख्याखाली ठेवायचा. इस्त्री तर चुकूनही नाही, पॉलिस्टर आहे, वितळतं.

मिरजेची_मावशी

हळद उन्हाने उडते. ऊन पडलं तर गच्चीवर ठेव. शिंगं तेवढी फडक्याने झाक, लाल रंग विटेल.

वारणेची_सुई

ऊन कुठलं मावशी, तीन दिवस झड लागलीय. धुवायचा विषयही संपला. सर्ज्या काल पुण्याला गेला, तसाच पिवळा. पोराने पिशवीत घालूच दिला नाही.

बहिणीचा आत्ताच फोन आला. तलाठ्याची टोपी पाहिजे म्हणे. सुती, अडीचची सुई. किती टाक्यांपासून सुरू करू?