राइटसनचा फ्रँकेन्स्टाइन: अंगावर काटा की नुसती कारागिरी?

शाईवेडा: बर्नी राइटसन (१९४८–२०१७) हा भयचित्रांतला बाप माणूस, हे माझं ठाम मत. 'स्वॅम्प थिंग' या भयकॉमिकने त्याचं नाव झालं, पण खरा कस लागला मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीची चित्रं काढताना. कुणी सांगितलं नव्हतं, मानधन नव्हतं. पोटापाण्याची कामं सांभाळत सुमारे सात वर्षं ती चित्रं काढत राहिला, तेव्हा कुठे १९८३ साली पुस्तक आलं. त्यातली प्रयोगशाळा बघाच. चंबू, नळ्या, बाटल्यांचा नुसता खच, आणि हा सगळा उजेड-अंधार फक्त काळ्या शाईच्या रेघांतून!

उलटतपासणी: हाताला दंडवत. पण भीती? मला तरी नाही वाटली. शेलीबाईंकडे घराच्या माथ्यावरची एकांडी खोली आहे, बाहेर पाऊस आणि विझत आलेली मेणबत्ती. बस्स. राइटसनने तिथे दुकान मांडलंय. डोळा बाटल्यांतच अडकतो, भ्यायचं राहून जातं.

रात्रपाळी: अहो, तो पसारा म्हणजेच त्या प्राण्याला घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचं डोकं! शिवाय १९३१च्या सिनेमाने चपटी टाळू नि मानेतले खिळे लोकांच्या मनात असे बसवले की त्या प्राण्याचं कादंबरीतलं मूळ रूप कुणाला आठवेना. राइटसनने लांब काळे केस नि ताणलेली कातडी परत आणली.

उलटतपासणी: आणि नाक कुठे गेलं? व्हिक्टरने अवयव देखणे बघून निवडले होते, असं कादंबरीत स्वच्छ लिहिलंय. देखणे तुकडे जोडून भेसूर काहीतरी उठतं, ही खरी दचकवणारी गोष्ट. राइटसनने थेट कवटीच दिली. सोपं केलं त्याने.

जुनाबाजार: थोडं अवांतर. ही रेघ राइटसनने फ्रँकलिन बूथ या जुन्या अमेरिकी चित्रकाराकडून घेतली. बूथ लहानपणी मासिकांतली लाकडी ठशांची चित्रं टाकाने काढलेली समजून गिरवायचा, त्यातून त्याची शैली घडली. म्हणून १८१८च्या कादंबरीशेजारी ही चित्रं उपरी वाटत नाहीत.

रात्रपाळी: +१. नाकाचं जाऊ द्या, त्याचे खांदे नि नजर बघा. मला त्या प्राण्याची दया येते. शेवटी व्हिक्टरच्या प्रेतापाशी तो शोक करतो, ते वाचतानाही हेच होतं. चित्रकाराने आणखी काय करायचं?

उलटतपासणी: दया येते, कारण शेलीबाईंनी त्याला अध्यायच्या अध्याय बोलू दिलंय. कादंबरी न वाचलेल्या कुणाला तरी नुसती चित्रं दाखवा, मग सांगा.