थंडीतला ट्रेक: कुठे गेलात, काय घोळ घातलात?

चहाबाज
काल पहाटे बोरिवलीत चक्क पंखा बंद करावा लागला, म्हणून स्वेटर काढायला माळ्यावर चढलो तर पिशवीतून माकडटोपी पडली आणि तिच्यात गुंतलेला सुतळीचा तुकडा. कळसूबाई! आम्ही चौघं, रात्रीची कसारा लोकल, स्टेशनवर कुडकुडत काढलेले तास, मग जीपमध्ये चौदा माणसं. पायथ्याच्या बारी गावातून निघालो तेव्हा अंधारच होता. दुसऱ्या शिडीवर माझ्या बुटाचा तळवा सुटला, पुढून, मगरीसारखा आ वासून. लोखंड इतकं गार की बोटं आपोआप मागे यायची, खाली रांग, वर कुणाची तरी टाच माझ्या नाकासमोर. शिडी संपली तिथे लिंबू सरबतवाल्या मावशी दुकान मांडत होत्या. त्यांनी काही न विचारता ताडपत्रीची सुतळी सोडली, बुटाला तीन वेढे दिले, दाताने गाठ आवळली आणि म्हणाल्या, "उतरताना आणून दे बाबा." महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, मी सुतळीवर केलंय. उतरताना त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची ही गर्दी, मी तसाच खाली. सुतळी अजून माझ्याकडे 😔

कोकमसरबत
बूट वर्षभर माळ्यावर होते ना? मग झालंच. मुंबईच्या दमट हवेत नुसते ठेवलेले बूट जास्त लवकर मरतात, सोलमधल्या फोमचा भुगा होतो. दिसायला नवे कोरे. माझे लोहगडावर गेले, दोन्ही, एकाच दिवशी.

खिडकीतली_सीट
दाताने गाठ 😂😂

आळशी_गिर्यारोहक
आमचं पेब, माथेरानजवळचा किल्ला. नेरळहून चढलो, जानेवारीत, म्हटलं थंडी आहे पाणी कशाला जास्त, एक लिटर दोघांत. अकरा वाजता घसा कोरडा. सह्याद्रीत थंडी सकाळी नऊपर्यंतच असते हे लिहून ठेवा. उतरताना परत तोच रस्ता नको म्हणून माथेरानच्या बाजूला निघालो आणि मिनी ट्रेनच्या रुळांवरून चालत सुटलो, कड्यावरचा गणपती लागला, तिथे एका काकूंनी अर्धं कलिंगड दिलं. घरी जे भांडण झालं ते वेगळं लिहीन, आत्ता कुकरची शिट्टी झाली.

सव्वासातची_स्लो
कळसूबाईच्या शिखरावरून अलंग मदन कुलंग हे किल्ले दिसले का? आम्ही गेलो डिसेंबरात तर सकाळी एकदम स्वच्छ, भंडारदऱ्याचं पाणी आरशासारखं, आणि डबे उघडून खाईपर्यंत सगळं धुरकट. फोटो काढायचा राहिला कारण मोबाइलची बॅटरी थंडीने १ टक्का. देवळामागे वारा इतका की आमच्या बंड्याची टोपी थेट घोटीला गेली असणार.

चहाबाज
@सव्वासातची_स्लो दिसले. पण मी बुटाकडे जास्त बघत होतो.

जुईची_आई
मी कधीच चढले नाही, गुडघे. पण ती गोष्ट माहितीये ना, जिच्या नावाचा हा डोंगर ती कळसू कामाला राहिली तेव्हा अट होती की झाडू आणि भांडी नाही करणार. आणि एक दिवस तेच करायला लावलं तर सरळ निघून डोंगरावर. तिने भांडी घासली ती थाळेमेळ म्हणून जागा पण आहे वाटेत. आज बाई आली नाहीये, सिंक भरलंय, आणि मला डोंगर फार जवळचा वाटतोय.

खिडकीतली_सीट
ताई कसाऱ्याची लोकल पकडा 🙏

जुईची_आई
डबा कोण भरणार मग जुईचा

कोकमसरबत
बारीत पिठल्याबरोबर भाकरी नागलीची मिळते की तांदळाची? आम्ही गेलो तेव्हा नागलीची, काळसर, चुलीवरची, वर लसणाची चटणी. घरी केली तर तव्यावरच फुटते. पीठ गरम पाण्यात मळायचं का?

आळशी_गिर्यारोहक
उकळत्या पाण्यात. आणि जरा वेळ झाकून ठेवा. ट्रेकबद्दल विचारा ना कुणीतरी.

नवीन_मेंबर
मी येत्या रविवारी चाललोय कळसूबाईला. चहाबाजदादा, सुतळी द्यायची असेल तर ठाण्याला प्लॅटफॉर्मवर भेटा, मावशींना पोचवतो. आणि बूट तपासायचे कसे ते पण सांगा.

चहाबाज
खरंच? तुकडाच उरलाय हो, जेमतेम वीतभर. नवीन बंडल घेऊन येतो.

कोकमसरबत
बूट हातात घ्या, तळवा दोन्ही टोकांना धरून वाकवा. चिरा दिसल्या, भुगा पडला तर कचऱ्यात. आणि उकळत्या पाण्यात म्हणजे मीठ पण आधीच घालायचं?