मदत हवी आहे : मृत्युपत्रात दिव्यांगांच्या संस्थेसाठी तरतूद

माझ्या आत्याचा मुलगा सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मला आणि गेल्या वर्षी वारला. ज्या संस्थेच्या कार्यशाळेत तो 22 वर्षे कागदी पाकिटे करायला जात असे, तिला आत्याला आपले राहते घर मृत्युपत्राने द्यायचे आहे. त्याने चिकटवलेले शेवटचे, एका बाजूने किंचित तिरके पाकीट तिने अजून देव्हाऱ्याशेजारी ठेवले आहे. ‘आपल्यामागे याचे कसे होणार?’ हा घोर तिने आयुष्यभर वाहिला, आणि इतर आईबापांच्या मनावरचा तो भार थोडा तरी उतरावा, एवढेच तिचे कारण आहे. काही नातेवाइकांना हे पटत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात आणि नोंदणी सक्तीची नसते. तरीही आम्ही ती करणार आहोत. घर दिव्यांगांच्या निवासासाठीच वापरावे अशी अट घालावी, की पुढे गरजा बदलतील म्हणून संस्थेला मोकळीक द्यावी? ज्यांच्या घरी असे दान झाले आहे, त्यांनी मृत्युपत्रातील शब्दरचना कशी केली आणि एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) म्हणून कोणाला नेमले, हे कृपया सांगावे.