पिनकोड संख्याच आहे, मग सरासरी का नको? शिवाय दोन फाशांचा एक प्रश्न

अकरावी_कॉमर्स:
सर्वेक्षणाच्या शीटमध्ये पिनकोड, लिंग (१/२), समाधान (१ ते ५), वय आणि तापमान असे रकाने आहेत. सगळे आकडेच, मग सगळे संख्यात्मक चल धरायचे का? एक्सेल तर पिनकोडचीही सरासरी बिनतक्रार काढून देतं. दुसरं, दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे ११ शक्यता. मग ७ ची संभाव्यता १/११ का नाही?

मध्यक_प्रेमी:
एक्सेलला अर्थ कळत नाही, तो तुम्ही बघायचा. मुंबई जीपीओ ४००००१, पुणे ४११००१, सरासरी ४०५५०१. याचं करणार काय? पिनकोड आणि लिंग ही आकड्यांत लिहिलेली नावं, म्हणजे नामदर्शक चल. वारंवारता (कोणता किती वेळा आला) मोजा, फार तर बहुलक, म्हणजे सर्वाधिक वेळा आलेली नोंद, द्या. असे रकाने भरण्याआधीच फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. ००७ सारखा हजेरी क्रमांक नाहीतर ७ होतो आणि पुढे याद्या जुळत नाहीत.

समाधान क्रमदर्शक. ४ हे ३ च्या वर एवढंच नक्की, पायऱ्या सारख्या उंचीच्या असतीलच असं नाही. १, १, ३, ५, ५ ची सरासरी ३. पाचही जणांनी ३ दिलं तरी ३. इथे मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधलं उत्तर, तोही ३ च येतो, म्हणून प्रत्येक उत्तराची टक्केवारी द्याच.

तापमानात फरक खरा, पट खोटी. २०° से. चं ४०° झालं म्हणजे उष्णता दुप्पट झाली नाही. फॅरनहाइटमध्ये तेच ६८ आणि १०४. ४० मिमी पाऊस मात्र २० मिमीच्या दुप्पटच, कारण तिथलं शून्य खरं आहे, म्हणजे पाऊस अजिबात नाही.

वर्गांतर:
वयाबद्दल थोडं. वय मुळात संतत (मधली कोणतीही किंमत घेऊ शकणारं), पण फॉर्मवर पूर्ण झालेली वर्षं लिहितात. त्यामुळे सरासरी खऱ्यापेक्षा साधारण अर्धा वर्ष कमी येते. आणि समाधानासारख्या एकाच विषयावरच्या १ ते ५ च्या आठ-दहा प्रश्नांचे गुण मिळवून सरासरी काढण्याची पद्धत रूढ आहे, ती मला चालते. एकट्या प्रश्नाची नाही.

छापा_काटा:
११ बेरजा आहेत खऱ्या, पण समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, नाहीत. एक फासा लाल, एक पांढरा धरा: नमुना अवकाशात, म्हणजे सर्व शक्य निकालांच्या यादीत, ६ × ६ = ३६ जोड्या. ७ सहा प्रकारे येते, म्हणून ६/३६, सुमारे १६.७ टक्के. १२ एकाच प्रकारे, १/३६.

अकरावी_कॉमर्स:
(३,४) आणि (४,३) वेगळे मोजले, मग (३,३) दोनदा का नाही?

छापा_काटा:
लाल ३, पांढरा ४ आणि लाल ४, पांढरा ३ हे दोन वेगळे निकाल. दोन्हीकडे ३ असेल तर अदलाबदल करूनही निकाल तोच. म्हणून ६ ची बेरीज पाचच प्रकारे येते: (१,५), (५,१), (२,४), (४,२), (३,३). तीन फाशांत हाच घोळ गॅलिलिओने सोडवला होता. ९ आणि १०, दोन्ही बेरजांचे क्रम न धरता तीन आकड्यांचे गट सहा-सहाच, पण क्रम धरून मोजलं की २१६ पैकी ९ चे २५ आणि १० चे २७ निकाल. ९ च्या गटांत (३,३,३) आहे, तो एकदाच मोजला जातो. १० मध्ये तीन सारखे आकडे येऊच शकत नाहीत.