चौथ्या सेक्शनचा (सगळ्यात खालच्या गटाचा) ब्रास बँड, रीजनलला (विभागीय स्पर्धेला) सहा आठवडे: तालमीत जोर कशावर द्यावा?

दुसरा_बॅरिटोन
यॉर्कशायरमधल्या गावच्या बँडसाठी विचारतोय. मार्चमध्ये रीजनल, तिथून नंबर लागला तर सप्टेंबरात चेल्टनहॅमला नॅशनल फायनल. पूर्ण बँड 25 ब्रासचा, तालवाद्यं वेगळी. आमच्याकडे ब्रासला 22च. आठवड्याला दोन-दोन तासांच्या दोन तालमी. टेस्ट पीस (स्पर्धेसाठी ठरवून दिलेली रचना) हातात बसलाय, पण संथ भाग एकत्र वाजवला की गढूळ होतो. तीन जागा कुठल्या रिकाम्या ठेवाव्यात? आणि आता वेळ कशावर घालवावा?

खर्जवाला
कात्री कॉर्नेटच्या (छोट्या ट्रम्पेटसारख्या वाद्याच्या) रांगेतच लावा. सोलो कॉर्नेट 4, सेकंड 2, थर्ड 2. या तिन्ही ओळी एकाहून जास्त जण वाजवतात, म्हणून प्रत्येकीतून एक कमी केला तरी कुठलीच ओळ गायब होत नाही. फक्त ओळ जिथे दोन सुरांत फुटते तिथे दुसरा सूर कोण घेणार ते आधी ठरवा. सोप्रानो आणि रिपियानो कॉर्नेट, फ्लुगलहॉर्न, तिन्ही टेनर हॉर्न, बास ट्रॉम्बोन यांना जोडीदार नसतो. सेकंड हॉर्न गेला तर ऐकणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पोकळ लागते. बास (सगळ्यात खालच्या सुरांचे ट्युबा) चारही हवेतच.

झडपांच्या सगळ्या वाद्यांची बोटं सारखी आणि नोटेशनही ट्रेबल क्लेफमधलं, म्हणून कॉर्नेटवाल्याला बॅरिटोनवर बसवायचा मोह होतो. सहा आठवडे राहिले असताना ते करू नका. माउथपीस बदलला की ओठ बसायला वेळ लागतो.

गढूळपणा बहुधा श्वासामुळे येतो. सगळे बारच्या (मात्रांच्या एका घराच्या) रेघेवर एकदम दम घेतात आणि दर चौथ्या बारला आवाज खचतो. प्रत्येक जोडीने आपापल्या कागदावर पेन्सिलीने खुणा कराव्यात: एकाने रेघेच्या आधी श्वास घ्यायचा, दुसऱ्याने लांब सुराच्या मधोमध. दुसरं कारण म्हणजे वरच्यांचा जोर. संथ भाग आधी फक्त चार बासकडून वाजवून घ्या, मग युफोनियम आणि बॅरिटोन, मग हॉर्न, शेवटी कॉर्नेट. कॉर्नेटवाल्याला बास ऐकू येईनासा झाला की त्याचाच आवाज जास्त आहे असं समजावं. एका तालमीतली 40 मिनिटं यावर खुशाल घालवा. जलद पॅसेज ज्याचे त्याने घरी मेट्रोनोमवर घासावेत.

ई_फ्लॅट
सुराचंही बघा. पाचव्या हार्मोनिकवरचे (बोटं तीच ठेवून फुंकीने निघणाऱ्या सुरांच्या शिडीतल्या पाचव्या पायरीवरचे) सूर, म्हणजे लिहिलेला वरचा ई, ई फ्लॅट आणि डी, निसर्गतःच सुमारे 14 सेंट उतरलेले असतात (100 सेंट म्हणजे अर्धा सूर). स्वरमेळात तो सूर मेजर कॉर्डचा गंधार असेल तर हात लावू नका, तोच शुद्ध. षड्ज किंवा पंचम असेल तर ओठाने वर घ्या. उलट पहिली आणि तिसरी झडप एकत्र दाबली की खालचा डी चढतो, तिन्ही दाबल्या की सी शार्प त्याहून चढतो.

थंड खोलीत ट्यूनिंग करून तापलेल्या हॉलमध्ये गेलात की सगळं बिघडतं. नळीतली हवा 1 अंशाने तापली तर सूर साधारण 3 सेंट चढतो. ग्लॉकेनस्पील (धातूच्या पट्ट्यांचं तालवाद्य) मात्र जागचं हलत नाही, त्यामुळे फरक तिथे उघडा पडतो.

दुसरा_बॅरिटोन
खालच्या डीसाठी काय करायचं? बॅरिटोनला तीनच झडपा आहेत, तिसऱ्या स्लाइडला (झडपेच्या सरकत्या नळीला) ट्रिगर, म्हणजे वाजवताना ती सरकवायची कळ, नाही.

ई_फ्लॅट
तिसरी स्लाइड किंचित बाहेर ओढून तशीच ठेवा. डी सुधारेल, पण दुसरी-तिसरी झडप लागणारे ए फ्लॅट आणि ई फ्लॅट थोडे उतरतील. तुमच्या ओळीत जास्त कोण येतं ते मोजा आणि ट्यूनर लावून मधली जागा शोधा.

पडद्याआड
स्पर्धेच्या दिवसाचं कोणीच लिहिलं नाही. परीक्षक बंद तंबूत बसतात, त्यांना बँड दिसत नाही, फक्त क्रमांक कळतो. ते तयार झाले की शिट्टी वाजते, मग सुरुवात. त्यामुळे गणवेशाची ऐट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मात्र फरशीवर पडलेला म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवायचं आवाज दाबणारं बूच) खणखणीत पोचतो. म्यूट खुर्चीखाली कापडावर ठेवा.

क्रम चिठ्ठीने ठरतो, पहिला नंबरही येऊ शकतो. म्हणून एक तालीम सकाळी लवकर ठेवा आणि वॉर्म-अप झाल्यावर थेट पहिल्या बारपासून वाजवा, मध्ये न थांबता. सुरुवात डळमळली की पुढची सगळी मिनिटं सावरण्यात जातात.

वाजवणाऱ्यांची नोंदणी तपासली जाते. बाहेरून कोणाला उसना आणणार असाल तर नियम सेक्रेटरीकडून आधीच लेखी मागवून घ्या. रात्रभर व्हॅनमध्ये राहिलेले बास गार पडून उतरतात, निदान तासभर आधी आत आणा.

झडपांना तेल आदल्या रात्रीच घाला. पिस्टनवर कोरलेला आकडा बघूनच आत सोडा. पहिला पिस्टन तिसऱ्याच्या नळीत गेला की फुंक अडते, आणि मंचावर बसल्यावर ते उलगडायला वेळ नसतो.