इंकस्केप: आकार तळाशी पाठवला तरी रेषांच्या वरच राहतो

कुंचलेवाला:
इंकस्केप १.३ (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) मध्ये फोटो गिरवून चित्र करतोय. चार लेयर (एकावर एक थर) आहेत. तळाला फोटो (लेयरची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ५०%), त्यावर रंग, मग रेषा, सगळ्यात वर मजकूर. अडचणी अशा:
१. रंगाचे काही आकार 'एंड' दाबून तळाशी पाठवले तरी रेषांच्या वरच दिसतात.
२. काही आकारांची फिल (आतला रंग) पूर्ण अपारदर्शक आहे, तरी ते फिके दिसतात.
३. मजकूर आणि त्यामागची रंगीत पट्टी एकत्र ग्रुप केली की पट्टी रंगांच्या लेयरमधून गायब होते.

नोडबहाद्दर:
पहिल्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे: आकार काढताना चालू लेयर (नवीन आकार ज्यात पडतो तो) भलताच होता.

'होम' आणि 'एंड' आकाराला फक्त त्याच्याच लेयरमध्ये वरखाली करतात, लेयरची हद्द ओलांडत नाहीत. तुमचे ते आकार मजकुराच्या लेयरमध्ये पडले असणार. तिथल्या तळाशी गेले तरी रेषांचा अख्खा लेयर त्यांच्या खालीच राहतो. आकार निवडून शिफ्ट+पेजडाउन दाबा, म्हणजे तो एक लेयर खाली उतरेल. मजकुरातून रंगांपर्यंत यायला दोनदा दाबावं लागेल. जागा हलत नाही, फक्त थर बदलतो. नुसतं पेजडाउन दाबलंत तर पुन्हा लेयरच्या आतलाच क्रम बदलेल.

फिके आकार फोटोच्या लेयरमध्ये आहेत का ते पाहा. लेयरची ओपॅसिटी आतल्या सगळ्यांना लागते, आकाराची फिल काहीही असो. तिथे नसतील तर कंट्रोल+शिफ्ट+एफ दाबून 'फिल अँड स्ट्रोक' उघडा आणि सर्वांत खालची ओपॅसिटीची पट्टी बघा. ती फिलच्या अल्फापेक्षा (फिलच्या रंगाच्या स्वतःच्या अपारदर्शकतेपेक्षा) वेगळी असते आणि दोन्हींचा गुणाकार होतो. अल्फा ८०% आणि ओपॅसिटी ५०% असेल तर दिसणार ४०%.

फोटोच्या लेयरला कुलूप लावून टाका. मग तो चुकून चालू लेयर झाला तरी इंकस्केप त्यावर काढूच देत नाही, खिडकीच्या तळाच्या पट्टीत तसा संदेश येतो.

थरावरथर:
तिसऱ्याबद्दल. ग्रुप एकाच लेयरमध्ये राहू शकतो. दोन लेयरमधल्या वस्तू एकत्र बांधल्या की सगळ्या सर्वांत वरच्या वस्तूच्या लेयरमध्ये जातात. पुढे ग्रुप सोडवला तरी पट्टी आपणहून परत जात नाही. नुसतं एकत्र हलवायचं असेल तर ग्रुप कशाला? शिफ्ट धरून दोन्हींवर क्लिक करा आणि ओढा, वेगवेगळ्या लेयरमधल्या वस्तूही एकत्र निवडता येतात. कंट्रोल+ए मात्र मूळ सेटिंगमध्ये चालू लेयरपुरतंच चालतं, सगळ्या लेयरसाठी कंट्रोल+ऑल्ट+ए. कुलूपबंद लेयर यातही सुटतात, ते बरंच आहे.

खरं तर मजकुरामागची पट्टी मजकुराच्याच लेयरमध्ये ठेवावी. 'रंग' या नावाखाली प्रत्येक रंगीत गोष्ट कोंबायची गरज नाही.

नोडबहाद्दर:
सहमत. एक राहिलं: ग्रुपवर डबल-क्लिक करून आत शिरलात की तो ग्रुपच तात्पुरता चालू लेयर होतो. त्यानंतर काढलेलं सगळं गुपचूप त्या ग्रुपमध्ये जमा होतं. मग ग्रुप हलवला की भलत्याच वस्तू सोबत निघतात. काम झालं की रिकाम्या जागी डबल-क्लिक करून बाहेर पडा. चालू लेयरचं नाव खिडकीच्या तळाच्या पट्टीत दिसतं, काढायला सुरुवात करण्याआधी तिकडे नजर टाकायची सवय लावा.

चिकटवतानाही हाच नियम. कंट्रोल+व्ही माऊसच्या जागी चिकटवतं, कंट्रोल+ऑल्ट+व्ही मूळ जागी, पण दोन्हीही चालू लेयरमध्ये.

कुंचलेवाला:
बरोबर, सगळे फिके आकार फोटोच्या लेयरमध्येच सापडले. शिफ्ट+पेजअपने वर आणले. आता रेषा आणि रंग यांच्यामध्ये बारीक पांढरी फट दिसते, ती कशी घालवायची?

थरावरथर:
रंगाची कडा रेषेच्या आतल्या काठाला टेकवू नका, रेषेच्या मधोमध न्या. रेषा १ मिमी जाड असेल तर ०.५ मिमी रंग तिच्याखाली दडतो. सोपा मार्ग: बंद रेषा निवडा, कंट्रोल+डी ने प्रत करा, शिफ्ट+पेजडाउनने ती रंगांच्या लेयरमध्ये उतरवा, तिथे स्ट्रोक (कडेची रेषा) काढून टाका आणि फिल भरा. दोन्हींचा पाथ (आकाराची मूळ रेघ) एकच, त्यामुळे फटीला जागाच उरत नाही. अर्थात रेषा अर्धपारदर्शक असेल तर खालचा रंग तिच्यातून दिसेल.

नोडबहाद्दर:
आणि कामाची फाइल 'इंकस्केप एसव्हीजी' म्हणूनच जतन करा. एसव्हीजीमध्ये (इंकस्केप वापरतं त्या फाइल प्रकारात) लेयर असा प्रकारच नाही. इंकस्केप साध्या ग्रुपवर खूण करून त्याला लेयर म्हणतं. 'प्लेन एसव्हीजी' केलं की ती खूण पुसली जाते आणि फाइल पुन्हा उघडल्यावर चारही लेयर नुसते ग्रुप म्हणून दिसतात. दुसऱ्या कुणाला प्लेन फाइल हवी असेल तर शेवटी 'प्रत जतन करा' वापरा. त्या प्रतीत फोटोचा लेयर लपवून भागणार नाही, तो डिलीट करा. एम्बेड केलेला (फाइलच्या आतच साठवलेला) फोटो लपवला तरी फाइलमध्ये राहतो, आणि तोही मूळ फोटोच्या साधारण सव्वापटीहून जास्त जागा खातो.